पालक व हितचिंतक

—नाही, थांबा, ते माफीपत्र परत वाचा बघू. 'अनवधानाने'. अनवधानाने कसला हो, चांगला ठरवून दाखवला मी तो चित्रपट. खिडक्या झाकून. पडदे नाहीत आमच्याकडे, क्रीडा महोत्सवाचे जुने बॅनर आहेत, ते मुलांनी गजांना बांधले. स्मार्ट बोर्डाचा रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटातून रीतसर मागून आणला. आणि बावन्न मिनिटं आठवी ब पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मुकाट बसली — आठवी ब! खरं तर तुम्ही ही बातमी पेपरात द्यायला हवी, नोटीस कसली पाठवताय. बसा ना, उभे कशाला? बाकात गुडघे अडकतील थोडे, पण बसता येतं, शिक्षणाधिकारीसुद्धा बसलेत तिथे. मधली सुट्टी संपायला अजून अर्धा तास आहे.

हे तुमचं कार्ड — ॲडव्होकेट आमोद, पुढचं काही वाचवत नाही, अक्षर मुंगीएवढं आणि तेही राखाडी, कोणी सुचवलं हे तुम्हाला? — असो. मी श्यामला आगाशे, ह्या वर्गाची वर्गशिक्षिका, मराठी आणि नागरिकशास्त्र. तर आमोद, तुमच्या कंपनीकडे ह्या चित्रपटाचे हक्क आहेत, कबूल. तुम्ही तो आता कुठल्या तरी ॲपला विकलाय, आणि त्या ॲपवाल्यांना लेखी हवंय की त्याआधी भारतात कुठे जाहीर खेळ झालेला नाही, तेही कबूल. त्यासाठी खराडीहून हडपसरला आलात, वाटेत तासभर अडकलात, तेही तोंडावर दिसतंय. पण कायदा मला नका सांगू. तुमची नोटीस आली त्याच दिवशी मी कॉपीराइटचा कायदा काढून वाचला, इंग्रजीत, शेजारी शब्दकोश ठेवून. कलम बावन्न. शाळेने आपल्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला तर चालतो, फक्त प्रेक्षक कोण असावेत ते सांगितलंय — विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक, आणि शाळेच्या कामाशी संबंध असलेली माणसं. झालं. तिकीट नाही, गेटवर कोणी पावती फाडली नाही, नागरिकशास्त्राच्या तासाला मजुरांचे हक्क शिकवताना मजुरांवरचा माहितीपट दाखवला. मान हलवताय, म्हणजे तुम्हालाही हे माहितीय. मग तुमची सगळी तक्रार उभी कशावर आहे? एका शब्दावर. आणि तो शब्द माझाच आहे, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्याचं असं झालं, गेटसमोरचा फळा माझ्याकडे असतो. सुविचार, अभिनंदन, दुःखद निधन, सगळं मी लिहिते, माझं अक्षर बरं आहे म्हणून, आणि दुसरं कोणी करत नाही म्हणून. त्या सकाळी मी सुविचार पुसला आणि लिहिलं — 'आज दुपारी दोन वाजता माहितीपट. विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांनी उपस्थित राहावे.' हितचिंतक! अहो, आमच्याकडे 'पालक' लिहिलं की पुढे 'व हितचिंतक' आपोआप येतं. स्नेहसंमेलनाची पत्रिका घ्या, बक्षीस समारंभ घ्या, कोणाची तरी एकसष्टी घ्या, हितचिंतक आहेतच. मी वीस वर्षं त्या पत्रिका लिहितेय, हात थांबतच नाही तिथे. आणि खरं सांगू? वीस वर्षांत एकही हितचिंतक आलेला नाही. त्यांच्यासाठी दोन रांगा खुर्च्या मांडतो आम्ही, शेवटी त्यावर कबड्डीची पोरं दप्तरं ठेवतात. पण भाग्यश्रीच्या आईने त्या फळ्याचा फोटो काढला, फेसबुकवर टाकला, 'आमची शाळा किती छान', आणि तुमच्या कंपनीत कोणीतरी दिवसभर असेच फोटो शोधत बसलेलं असतं ना? बसत असेल. त्याला तो सापडला. आता तुम्ही विचारताय, हितचिंतक कोण कोण आले. आले एकच.

हो, तेच पत्रक, मुख्याध्यापकांनी तुम्हाला पाठवलंय ते. दिगंबर सर फार सरळ माणूस, नोटीस पाहिली की असेल नसेल ते सगळं देऊन मोकळे होतात. उपस्थिती पत्रक मीच केलं होतं, मला सवय आहे. एक्केचाळीस मुलं, आम्ही दोघी शिक्षिका, सहा मुलांच्या आया, आणि शेवटचा तो निळा अंगठा. सोजरबाई. 'विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना आखला होता मी, सुरेख, पट्टी घेऊन. तिला विचारलं, सोजरबाई, इथे काय लिहू? ती म्हणाली, "शेजारीण लिवा की बाई." म्हटलं, अगं, पालक लिहिते ना. तर म्हणाली, "खोटं कशापाई? मी शेजारीणच हाय." मी लिहिलं शेजारीण. विद्यार्थिनी, राजनंदिनी. आता कायद्यात कुठे शेजारीण आहे? नाही. तुम्ही बोट बरोबर तिथेच ठेवलंत, हुशार आहात, मार्क दिले मी तुम्हाला मनातल्या मनात.

पण ती तिथे का आली होती, ते तुमच्या फाइलीत नाही. सांगते. तुमचा चित्रपट कोणावर आहे? मजूर अड्ड्यावरच्या बायकांवर. सकाळी सातला डबा घेऊन चौकात उभ्या राहतात, मुकादम येतो, बोट दाखवतो, तू चल, तू चल. तो अड्डा ह्या शाळेपासून चार मिनिटांवर आहे. चार वर्षांपूर्वी तुमची माणसं इथे आली, आमच्या नळावर पाणी प्यायली, ह्याच पटांगणात गाडी लावली, आणि बायकांना सांगून गेली की चित्रपट झाला की आधी तुम्हाला दाखवू. फुकट बोलल्या हो त्या कॅमेऱ्यापुढे. कोणी आलं परत? बक्षिसं मिळाली म्हणे त्याला कुठे कुठे, परदेशात. परदेशातल्या लोकांनी पाहिला, चार मिनिटांवरच्या बायकांनी नाही पाहिला. मला तो कोणी दिला ते विचारू नका, तुमच्याच माणसांतल्या एका पोरीने दिला, तिला लाज वाटत होती म्हणून. नाव नाही सांगणार. नाही म्हणजे नाही, तो विषय सोडा.

आणि त्यात एकतिसाव्या मिनिटाला द्वारका आहे. राजनंदिनीची आई. तुम्ही पाहिलाय ना तुमचा चित्रपट? नाही? कमाल आहे! अहो, निदान पाहून तरी नोटीस पाठवायची. हिरव्या साडीची, कपाळावर आठी, ती कॅमेरा धरणाऱ्याला म्हणते, "सरक की बाबा जरा, मुकादमाला मी दिसंना!" आख्खा वर्ग हसला. मग ती स्वतःच हसते आणि म्हणते, माझी नंदी चौथीला हाय, तिची हजेरी रोज लागती, माझी लागली तर लागली. एक मिनिट वीस सेकंद. त्यानंतर वर्षभराने गेली ती, तापाने, चार दिवसांत. पोरगी पाचवीत होती. घरात फोटो म्हणाल तर रेशनकार्डावरचा, त्यात नाक कुठे आणि डोळे कुठे ते कळत नाही. सहामाहीला 'माझी आई' निबंध होता, पोरीने सव्वा पान लिहिलं आणि शेवटी लिहिलं, आईचा आवाज कसा होता ते मी विसरले आहे. बाई, ह्याचे मार्क कापू नका. आता सांगा मला, माझ्याकडे तो आवाज पेनड्राइव्हवर पडलाय कपाटात, मी काय करायला हवं होतं? खराडीला अर्ज करायचा? — हो, कळतंय मला, मघाशी मी नागरिकशास्त्राचा तास म्हटलं आणि आता निबंधाचं सांगतेय. दोन्ही खरं आहे. पाठाच्या टाचणात नागरिकशास्त्रच लिहिलंय, हवं तर दाखवते. पण दाखवला तिच्यासाठी. लिहून घ्या, घाबरत नाही मी.

आणि पोरीला म्हटलं, सोजरबाईला घेऊन ये. कारण द्वारका गेल्यापासून त्या पोरीला ती बघतेय. एका भिंतीपलीकडे राहते, सोसायट्यांचे जिने झाडते, साठी उलटलीय, हिला सकाळी चहा-चपाती देते, वेणी घालून पाठवते, पालकसभेला येते आणि शेवटच्या बाकावर पदर सावरून बसते, कोणी विचारलं तर, "मी शेजारीण." त्या दिवशी द्वारका आली पडद्यावर तशी ही उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "द्वारके, पदर नीट घे की गं!" जशी ती समोरच उभी आहे. कोणी हसलं नाही. मग म्हणाली, "बाई, पुन्यांदा लावा." लावलं. परत लावलं. चार वेळा लावलं मी ते एक मिनिट वीस सेकंद. करा नोंद, चार प्रयोग झाले. चौथ्या वेळी नंदी आईबरोबर म्हणत होती — सरक की बाबा जरा — ओठांतल्या ओठांत, अगदी तस्संच. मी तिकडे खिडकीशी जाऊन बॅनर नीट करत बसले. रडले हो, त्यात काय.

आता तुमचा हा मसुदा. 'अनवधानाने' मी काढलं असतं आणि सही ठोकून दिली असती, माफी मागायला माझं काही जात नाही, मी निवृत्तीला सात महिने उरलेली बाई, मला कसली आलीय अब्रू. पण खालची ओळ वाचा. 'सदर प्रदर्शनास उपस्थित असलेली सोजरबाई ही महिला शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याची पालक नाही.' शाळेच्या लेटरहेडवर. खाली वर्गशिक्षिकेची सही. ही ओळ मी लिहून देऊ? परवा शुक्रवारी, आमोद, तिचा अर्ज आहे कोर्टात. पालक म्हणून नेमा, असा. हा तोच शब्द, दुसऱ्या कायद्यातला. कारण बाप आलाय. वैजनाथ. द्वारकेचं तेरावं झालं तसा महिन्याभरात येतो म्हणून परभणीकडे गेला तो तीन वर्षं नाही आला, तिकडे दुसरं लग्न केलं, आता जुळी झालीत, त्यांना सांभाळायला घरात कोणीतरी हवंय, तेव्हा ह्याला आठवलं की आपल्याला एक तेरा वर्षांची मुलगी आहे. आठवीतून काढून नेणार तिला. बाप आहे, कायद्याने पहिला हक्क त्याचा, आणि ही कोण तर शेजारीण. त्याच्या वकिलाला तुमचं हे पत्र मिळालं तर तो ते चौकटीत बसवून लावेल हो. आणि मिळणार नाही असं नका सांगू, दिगंबर सर मागेल त्याला देतात, मघाशी सांगितलं मी.

काय? 'शाळेच्या कामाशी संबंधित व्यक्ती'? हं. म्हणजे मी लिहायचं की सोजरबाई शाळेत मदतनीस म्हणून येतात, कलम बावन्नमध्ये बसतात, तुमची फाइल बंद, माफीही नको. वा. चांगुलपणाने सांगताय, कळतं मला. पण मदतनीस म्हणजेसुद्धा पालक नाहीच ना? तेच झालं, नुसतं गोड करून. अहो, एकच सरळ वाक्य लिहा ना तुम्ही, की आलेली बाई मुलीची पालक होती, म्हणून प्रेक्षक कायद्याप्रमाणेच होते. तुमचंही काम झालं, माझंही. — पुरावा? हो, पुरावा मागणारच तुम्ही, वकील आहात. शाळेच्या रेकॉर्डला पालक कोण, हे बघाल तर वैजनाथ. प्रवेशअर्जावर वैजनाथ. प्रगतिपुस्तकावर प्रत्येक परीक्षेला वैजनाथची सही, ठसठशीत, 'वै'च्या दोन्ही मात्रा आधी काढायच्या, मग 'व'चं पोट जरा दाबून, शेवटच्या 'थ'ची शेपटी खाली ओढायची— म्हणजे, तो ओढतो. तसा तो काढतो, असं म्हणायचं होतं मला.

...

असे बघू नका माझ्याकडे. चहा मागवू का? नको. पाणी? — अहो, आला असेल तो अकरा वेळा परभणीहून येऊन सही करायला, आहे काय त्यात, एस्टी असते... नाही ना पटत. मलाही नाही पटत. बरं, ऐकाच मग, एवढं ऐकलंत तर. दरवाजा लोटून घेता जरा? नंदी बाहेर आहे, डबा खाऊन मला भेट असं सांगितलंय तिला.

हा वर्ग पाचवीपासून माझ्याकडेच आहे. तिचं पाचवीचं पहिलं प्रगतिपुस्तक कोरं आलं. नियम असा की पालकांच्या सहीशिवाय जमा करायचं नाही. सोजरबाई अंगठा द्यायला आली तर ऑफिसातून परत पाठवली, रजिस्टरला बापाचं नाव आहे, बापाचीच सही पाहिजे. पोरगी तीन दिवस ते पुस्तक दप्तरात घेऊन यायची आणि घेऊन जायची. मुलं विचारत होती, तुझं जमा का नाही? चौथ्या दिवशी मी म्हटलं, आण इकडे, मी पोस्टाने पाठवते तुझ्या बाबांना, सही करून येईल. ते पुस्तक कुठे गेलं? ह्या कपाटात, खालच्या खणात, आठ दिवस. पोस्टाला तेवढे दिवस लागतात म्हणून. प्रवेशअर्ज समोर घेऊन जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर गिरवली मी ती सही, दोन पानं भरून. मग केली. अक्षर बरं आहे ना माझं. आणि खाली रकाना असतो, 'पालकांचा अभिप्राय'. तो मोकळा कसा ठेवायचा? मला रिकामा रकाना बघवत नाही. लिहिलं, 'शाबास. असाच अभ्यास कर.' पुस्तक हातात दिलं तेव्हा ती बाकावर उलटी वळून सगळ्यांना दाखवत होती, बघा, माझ्या बाबांनी लिहिलंय. त्यानंतर कसं थांबणार होते मी? दर परीक्षेला आठ दिवस खण, सही, आणि अभिप्राय. एकदा गणितात कमी पडले तेव्हा जरा रागावलेसुद्धा मी, म्हणजे तो, 'गणिताकडे लक्ष दे'. तीन वर्षांत अकरा सह्या.

आता गंमत ऐका, तुमच्याच धंद्यातली आहे. वैजनाथच्या वकिलाने त्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती मागवल्या, आणि त्या बघून वैजनाथ काय म्हणाला असेल? ह्या माझ्या नाहीत? छे! तो म्हणाला, ह्या माझ्याच. मी दर परीक्षेला लक्ष घालत होतो, अभिप्राय देत होतो, शाबासकी देत होतो, हे बघा. माझं सगळं लिखाण त्याने स्वतःच्या नावावर खपवलं हो! काढा आता तुमचं पुस्तक आणि सांगा, हक्क कोणाचा? मूळ सही त्याची, पण लिहिली मी, मजकूर माझा, शाई माझी. आणि मी बोलू शकत नाही, कारण बोलले तर मी खोटी सही करणारी बाई. त्याला हे पक्कं कळलंय. मागच्या मंगळवारी इथे गेटपाशी मला हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचे लई उपकार."

हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, मी घरी जाऊन हसलेच होते, वेड्यासारखी. पण सोमवारी काय झालं ते ऐका. सोजरबाईला कोर्टातून फुकट वकील मिळालीय, चांगली मुलगी आहे, हिरा नाव तिचं. ती इथेच बसली होती, तुम्ही बसलात त्याच बाकावर. सरळ विचारलं तिने, बाई, ह्या सह्या खऱ्या आहेत का? आणि मी — मुलांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर उभं करणारी मी — मी म्हटलं, मला काय माहीत. सात महिने राहिलेत, संस्थेत नाव आहे, कारवाई, चौकशी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि म्हटलं, मला काय माहीत. सोजरबाई शेजारीच उभी होती. तिला सगळं माहितीय हो, पहिल्या दिवसापासून. ती पदराने त्या बाकावरचा खडू पुसत राहिली. तुम्ही आल्यापासून मी जी तोऱ्यात बोलतेय ना, कलम बावन्न आणि काय काय, त्यातलं एक अक्षर परवा तोंडातून फुटलं नाही माझ्या. तुमच्या कंपनीला मी घाबरत नाही, ते सोपं आहे. घाबरले कशाला, तर ह्या अकरा सह्यांना.

आणि तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण कोर्टात मुलीलाही विचारणार, तुला कोणाकडे राहायचंय. तेरा वर्षांची आहे, ऐकतात तिचं. काल मी सहज विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, सोजराआजी आहेच. पण बाबांनी दर वेळी सही करून पाठवली ना. विसरले नव्हते ते." ऐकलंत? विसरले नव्हते ते. मी घडवलाय हो तो बाप. खालच्या खणात आठ-आठ दिवस ठेवून. आणि आता ती त्या बापाबरोबर जायला निघालीय, जो परभणीला नाहीच, जो ह्या कपाटात आहे.

तेव्हा आमोद, द्या इकडे तो मसुदा. नाही, फाडत नाही, मागची बाजू कोरी आहे म्हणून मागतेय. पेन आहे माझ्याकडे. 'मी, श्यामला आगाशे, लिहून देते की, इयत्ता पाचवी ते आठवी, राजनंदिनी हिच्या प्रगतिपुस्तकांवरील वडिलांच्या नावाच्या सर्व सह्या व सर्व अभिप्राय मी स्वतः केलेले आहेत. वडील या काळात एकदाही शाळेत आले नाहीत, पत्र नाही, फोन नाही. पालकसभांना आणि ताप आला तेव्हा न्यायला, प्रत्येक वेळी सोजरबाई आल्या. दिनांक अमुक रोजी दाखवलेल्या माहितीपटास उपस्थित सोजरबाई या तिच्या पालक आहेत व होत्या.' हं. ह्याच्या तीन प्रती काढते, एक हिराला, एक दिगंबर सरांना, ते वाटतीलच, आणि ही तुम्हाला. लावा तुमच्या फाइलीला. ह्यावर कोणाचा हक्क नाही, हवी तेवढी छापा. माझ्या देखत सही केली म्हणून खाली साक्षीदाराची सही करता? — नाही? कंपनीला विचारावं लागेल? विचारा, विचारा, सावकाश विचारा. आणि मग नोटीस पाठवायची तर माझ्या नावाने पाठवा, शाळेच्या नको, पत्ता देते. सदाशिव पेठेत पोस्टमन अजून नावाने ओळखतो.

पेनड्राइव्ह? तो नाही मिळणार. तुम्ही चित्रपट ॲपला विका, परदेशात दाखवा, माझं काही म्हणणं नाही. ते एक मिनिट वीस सेकंद तिचं आहे, तिने मागितलं की मी लावणार, कोणाला विचारणार नाही. आलात, ऐकून घेतलंत, बरं वाटलं. आता उठा. दारातून जाताना तेवढं त्या मुलीला आत पाठवा, दोन वेण्या, हातात डबा आहे तिच्या. तिला आज सांगायलाच हवं, कोर्टात कोणी दुसऱ्याने सांगायच्या आत. निघा हो, घंटा व्हायला दहाच मिनिटं आहेत.

ये गं नंदिनी. ये, बस इथे माझ्याजवळ. नाही गं बाळा, तुझं काही चुकलं नाही.